चोरासाठी उजवा कळा

मी चौलला आलो तेव्हा माझ्याजवळ पत्र्याची एक ट्रंक होती आणि त्या ट्रंकेला कुलूप होतं. या कुलपाने पुढे मला चांगलाच घाम फोडला, म्हणून ते आधीच सांगून ठेवतो.

माझं गाव सोलापूरच्याही पलीकडे. तिकडे माणूस शेजारी विस्तव मागायला गेला तरी दाराला कुलूप घालून जातो. चोराने न्यावं असं घरात काही असतं असं नाही. पण कुलूप नसलं तर घरात काही नाही हे चोराला कळेल, ही भीती. चौलच्या ज्या सुपारीच्या वाडीत मी कामाला आलो तिथे सगळं उलटं. दारं दिवसभर सताड उघडी, आणि कडी घातलीच तर ती कुत्र्यासाठी. आलो त्या दिवशी मी ट्रंक पडवीत ठेवली, कुलूप ओढून पाहिलं, चार पावलं गेलो, परत आलो आणि पुन्हा ओढून पाहिलं. अंगणात सुपारी सोलत बसलेल्या बायकांचे हात थांबले.

"काय हाय रं पेटीत?" त्यांच्यातली एक तरुण सून म्हणाली.

"काही नाही."

"मंग कुलूप कुणाला? काही न्हाय त्याला?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो, कारण परक्या ठिकाणी आपल्यावर लोक हसत असतील तर आपणही हसावं हे मला मामाच्या घरी समजलं होतं.

वडील गेले तेव्हा मी मराठी पाचवीत होतो. शाळा सुटली ती सुटलीच. आई आणि मी मामाकडे राहायला गेलो. मामा वाईट नव्हता. पण मामी माझ्या ताटात भाकरी टाकण्याआधी हात जरासा थांबवायची, आणि त्या थांबण्यात जे असायचं ते खाऊन कुणाचं पोट भरत नाही. मिसरूड फुटेपर्यंत मी ते खाल्लं. मग आईच्या एका मावसभावाने चौलच्या वाडीवाल्यांना शब्द टाकला, की पोरगा प्रामाणिक आहे, देखरेखीला ठेवून घ्या. प्रामाणिक होतो हे खरं. देखरेख म्हणजे काय हे मात्र मला ठाऊक नव्हतं, आणि मावसभावालाही नसावं.

ते दिवस तिसाच्या सालानंतरचे. वाडी मोठी होती, नारळ थोडे आणि सुपारी फार. पिकलेली सुपारी उतरवायची, अंगणात वाळवायची, मग असोली सुपारी, म्हणजे सालासकटची, बायकांनी बसून सोलायची, असं काम. मालक पन्नाशीचे, बुटके, अंगावर फक्त उपरणं. बोलणं थोडं, पण बघणं फार. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात एकेक काम देऊन पाहिलं. पोफळीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चढायला सांगितलं. मी कमरेएवढा चढलो आणि तिथेच झाडाला मिठी मारून बसलो, तर वरचा गडी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झोका घेत गेला आणि जाताना म्हणाला, "उतरा आता भावजी, झाड लाजतंय." रहाटाच्या बैलामागे चालायला सांगितलं. गोल गोल फिरून मला घेरी आली आणि बैल एकटाच नीट चालत राहिला. वाळत घातलेली सुपारी राखायला बसवलं, तर वासरू येऊन त्यावर आडवं झोपलं आणि मला त्याला उठवायचा धीर झाला नाही, कारण त्याची आई जवळच उभी होती.

एकदा ओटीवर मालक मालकीणबाईंना म्हणाले, "पोरगा गुणी आहे हो. पण गुण कशात आहे ते सापडत नाहीये. या खेपेची सोलणी उरकली की गाडीभाडं देऊन पाठवून देऊ." हे मी पडवीतून ऐकलं. अंगणातल्या बायकांनीही ऐकलं. परत जायचं म्हणजे मामीचा तो थांबलेला हात. आणि आईला काय सांगायचं? की मी झाडावर चढू शकलो नाही, बैलामागे चालू शकलो नाही, वासरू उठवू शकलो नाही?

त्या दुपारी मी ट्रंकेतून पुस्तक काढलं. ट्रंकेत एक सदरा, एक पंचा, आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी आणि ते पुस्तक, एवढंच होतं. शाळा सुटली तेव्हा गुरुजींनी मला ते दिलं होतं. वर्गातल्या एका श्रीमंताच्या मुलाकडून त्यांनी ते काढून घेतलं होतं. त्याला दोन छड्या मिळाल्या, आणि मला पुस्तक. "वाचायचं सोडू नकोस," म्हणाले. वरचं पान फाटलेलं होतं, त्यामुळे पुस्तकाचं नाव काय आणि लिहिलं कुणी हे मला कधीच कळलं नाही. गोष्ट एका चोराची होती. त्या चोरालाही लेखकाने नाव दिलं नव्हतं. नुसता 'चोर' म्हणायचा.

मी पायरीवर बसून स्वतःशी वाचत होतो. दुःखात होतो, तरी मला हसू फुटलं.

"काय हसतंय बघा," ती सून म्हणाली. "गावाला पाठवणार म्हणून हसतंय का काय?"

"वाच की मोठ्यानं," दुसरा एक आवाज आला. तो म्हातारीचा. ती त्या सुनेची सासू. सगळ्या तिला आजी म्हणत. वाडीत ती मालकांच्या वडिलांपासून सोलायला येत होती. डोळ्यांत फूल पडलेलं, पण सोलायच्या पात्यावर हात इतके बिनचूक चालायचे की सुपारी आपणच साल सोडतेय असं वाटावं.

मी वाचलं. चोर एका सोनाराच्या घराची भिंत फोडायला जातो, अंधारात भिंत चुकतो आणि शेजारच्या गोठ्यात निघतो. तिथे म्हैस अडलेली असते. चोर मूळचा शेतकरी. त्याच्याने बघवत नाही. तो म्हशीची सुटका करतो, तेवढ्यात घरची माणसं जागी होतात आणि त्याचे पाय धरतात. देवासारखा आलास म्हणतात. पहाटे तो त्या घरून निघतो तो हातात खरवसाचं भांडं घेऊन. आणि भांडं परत करायला दोन दिवसांनी त्याला पुन्हा यावं लागतं.

अंगण हसून लोटपोट झालं. आजीने पात्यावरून हात काढून डोळे पुसले. "मेल्याला चोरी येत न्हाय," ती म्हणाली, "पन म्हस येते."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी वासराकडे लक्ष ठेवायला निघालो, तर सुनेने हाक मारली, "ओ पुस्तकवाले, बसा हितं. वासराला काय उचलून न्यायचं हाय कुणी? आपल्या चोराला तर ते बी जमायचं न्हाय." 'आपला चोर' हे नाव त्या दिवसापासून पडलं.

त्या दिवशी चोराने एक पेटी चोरली. ती डोक्यावर घेऊन तो गल्लीच्या तोंडाशी आला तोच घरमालक समोर. तो बिचारा त्याच दिवशी बिऱ्हाड हलवत होता. त्याला वाटलं हा हमाल. "इकडून, इकडून," करत त्याने चोराला नव्या घरापर्यंत नेलं, जिन्यावरून वर चढवलं, पेटी भिंतीशी नीट लावून घेतली आणि "अजून तीन आहेत" म्हणाला.

बायका चोराला रागवायच्या, सल्ले द्यायच्या. "भिंत कशाला फोडतो मेला? नळे काढायचे छपरावरचे, आवाज न्हाय काय न्हाय." "कुत्र्याला सुकट टाकायची. भाकर काय टाकतो?" त्या कुत्र्याचं असं झालं होतं, की भाकरी खाऊन ते चोरावर इतका जीव लावून बसलं की तो जाईल तिथे मागे जाऊन आनंदाने भुंकायचं.

मालकांच्या लक्षात दोन गोष्टी आल्या. एक, दुपारी जेवून आलेल्या बायका पूर्वी पेंगायच्या, आता पेंगत नाहीत. दोन, संध्याकाळी सोललेल्या सुपारीच्या टोपल्या जास्त भरतात. त्यांनी श्रावणात एकदा सोलणाऱ्यांना पोथी लावून पाहिली होती म्हणे. बायका पोथी ऐकताना हात जोडायच्या, आणि जोडलेल्या हातांनी सुपारी सोलली जात नाही. मालक खांबाला टेकून थोडं ऐकत उभे राहिले. गोष्टीत कुत्रं आलं तिथे त्यांच्या पोटावरचं उपरणं हललं. मग जवळ येऊन त्यांनी पुस्तक हातात घेतलं, वाचलं नाही, नुसती उरलेली पानं दोन बोटांत धरून जाडी पाहिली.

"एवढंच का उरलंय?" ते म्हणाले.

"हो."

"बरं. हे संपेपर्यंत राहा."

मी मान डोलावली. आनंद झाला, आणि लगेच भीतीही वाटली, कारण डाव्या हाताकडची पानं जाड होत चालली होती आणि उजव्या हाताकडची पातळ. असं पुस्तक कुणी वाचू नये. चोर पुढे काय करेल याची बायकांना उत्सुकता, आणि त्याने जरा हळू करावं हा माझा धावा. मी सावकाश वाचू लागलो. पाणी प्यायला थांबू लागलो. एका वाक्यानंतर खोकू लागलो. आजीने एकदा विचारलंही, "घसा बसला का रं? का पुस्तक संपाय आलं?" फूल पडलेल्या डोळ्यांनी तिला उजवीकडची पानं दिसत नव्हती. तरी तिने विचारलं.

शेवटी एक प्रकरण उरलं. चोर अशा जागी अडकला होता की मलाही पुढचं पान उलटायची भीती वाटत होती. त्याने शिरायला घर निवडलं ते नेमकं फौजदाराचं. घरात मुलीचं लग्न. पावलं वाजली म्हणून चोर तांदळाच्या रिकाम्या कणगीत उतरला, आणि लग्नासाठी आणलेले तांदूळ गड्यांनी वरून ओतायला सुरुवात केली. गळ्यापर्यंत तांदूळ आले तिथे प्रकरण संपलं.

"आज एवढंच," मी म्हणालो.

"अरं पन गुदमरंल तो!" सून ओरडली.

"उद्या."

"उद्यापर्यंत तांदळात ठेवतोस त्याला? माणूस हायस का कोन?"

आजीने पात्याची धार पदराने पुसली, ती उठली आणि काठी टेकत देवळाच्या वाटेला लागली. सगळ्यांना वाटलं रोजच्यासारखी दिवा लावायला गेली.

चौलला देवळं पुष्कळ. त्या देवळात कळे लावायची रीत होती. गुरवाने देवीच्या मूर्तीला उजवीकडे आणि डावीकडे ओल्या तांदळाने फुलाच्या कळ्या चिकटवायच्या, तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. या कळ्यांनाच कळे म्हणत. उजवा कळा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. लग्न जमवायचं, गाय घ्यायची, मुलाला मुंबईला पाठवायचं, कशालाही कळे लागत. गाऱ्हाण्यात माणसाचं नाव-गाव सांगावं लागे, नाहीतर देवीने शोधायचं कुणाला?

त्या संध्याकाळी काय झालं ते मला पुढे गुरवानेच सांगितलं. आजी गाभाऱ्यापुढे बसली आणि म्हणाली, "आमच्या मालकांच्या वाडीत रोज एक चोर येतो. तो धरला जाऊ नये, येवढं घाल देवीच्या कानावर."

गुरव दचकला. "नाव काय त्याचं?"

"नाव न्हाय."

"गाव?"

"गावाचं बी काय कळत न्हाय. हिकडचा न्हाय, परमुलखातला हाय. पन गरीब हाय, कुणाचं वाकडं केल्यालं न्हाय."

गुरवाने भीतभीत गाऱ्हाणं घातलं. त्याला वाटलं, चोरासाठी देवी काही ऐकणार नाही, डावा कळा पडेल आणि म्हातारी घरी जाईल. पण शब्द तोंडातून संपतो न संपतो तोच उजवा कळा टपकन पडला. "माझ्या हयातीत येवढा झटकन कधी पडला नव्हता हो," तो मला सांगत होता. "माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, देवी चोराच्या बाजूची हाय!"

असं गुपित माणूस पोटात किती ठेवणार? पोलीस पाटील गुरवाचा मेव्हणा होता. सत्याग्रहाची धामधूम नुकती ओसरलेली. गावात परका माणूस दिसला की तो कोण, कशाला आला, याची वरून विचारणा व्हायची आणि पाटलाची झोप उडायची. मेव्हण्याच्या तोंडून त्याने ऐकलं की अमक्याच्या वाडीत रोज चोर येतो, तो परमुलखातला आहे आणि लोकच त्याला सांभाळून आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुस्तक घ्यायला पडवीत गेलो होतो, तेवढ्यात पाटील आला. उंच, मिशा खाली वळलेल्या, हातात काठी. मागे गुरव, चेहरा अपराध्यासारखा. पाटलाने बायकांपुढे काठी रोवली.

"खरं बोला. हितं चोर येतो का?"

"येतो की," सून म्हणाली. आदल्या आठवड्यापासून शेजारपाजारच्या वाड्यांतूनही लोक गोष्ट विचारायला येत होते. तिला वाटलं पाटीलही त्यातलाच. "रोज येतो. जेवणं झाली की."

पाटलाने गुरवाकडे पाहिलं. "दिवसाढवळ्या?"

"मंग? रात्री आमी कुठं असतो?"

"आणि तुम्ही त्याला धरत न्हाय?"

"कशाला धरायचं? बिचारा साधा हाय. आमाला करमतं त्याच्यामुळं."

"काय काय चोरलं त्यानं आजवर?"

"काय बी न्हाय. जमतच न्हाय त्याला," दुसरी म्हणाली. "सोनाराकडं गेला, तं म्हशीचं बाळंतपण करून आला."

"कुठल्या सोनाराकडं?" पाटलाची मिशी थरथरली. गावात सोनाराचं घर एकच होतं, आणि त्याच्या शेजारच्यांची म्हैस नुकतीच व्याली होती.

"आता कुठं हाय तो?"

"आता? फौजदाराच्या घरात."

"फौजदाराच्या!"

"कणगीत बसलाय. कालपासनं. गळ्यापर्यंत तांदूळ आल्यात त्याच्या." सुनेचा आवाज खराच कळवळला. "आणि ह्याला इचारा की, कालच काढला असता भायेर, तं उद्या म्हणाला." आणि तिने पुस्तक घेऊन पडवीतून बाहेर येणाऱ्या माझ्याकडे बोट दाखवलं.

माझ्याकडे कुणीही बोट दाखवलं की मी आधी गुन्हा कबूल करतो आणि मग काय झालं ते विचारतो, असा माझा स्वभाव. पाटलाने विचारलं, "तू त्याचा साथीदार काय?" मी म्हणालो, "हो जी." "गाव कुठलं?" मी सांगितलं. "परमुलखातला," पाटील गुरवाला म्हणाला, आणि गुरवाने मान खाली घातली. "सामान दाखव."

ट्रंक. अख्ख्या वाडीत कुलूप असलेली एकुलती एक वस्तू. मी किल्ली शोधू लागलो. जानव्याला नाही, सदऱ्याला नाही, कमरेला नाही. पाटील काठीवर बोटं वाजवत उभा. शेवटी सून म्हणाली, "कुलपातच हाय ती. आताच न्हाय का उघडलीस?" खरंच कुलपातच होती. पाटलाने झाकण उचललं. सदरा, पंचा, चटणी. त्याने चटणीचा वास घेतला, आणि त्याला ठसका लागला.

आवाज ऐकून मालक ओटीवरून आले. "काय चाललंय पाटील?"

"तुमच्या वाडीतून चोर फौजदाराच्या घरात घातलाय, आणि हा त्याचा साथीदार. स्वतः कबूल झालाय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पुस्तकाकडे. मी त्यांना पहिल्यांदाच मोठ्याने हसताना पाहिलं. ते खांबाला धरून खाली बसले. हसता हसता त्यांनी पाटलाला सगळं समजावलं. पाटलाला ते पटायला वेळ लागला. त्याने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं, झटकून पाहिलं, जणू चोर खाली पडेल. मग तो गुरवावर उलटला.

"तुला कळे लावायच्या आधी विचारता आलं न्हाय? चोर खरा का कागदाचा ते?"

"मला काय ठाव! आजी, तू तरी सांगायचंस की गोष्टीतला हाय म्हणून."

आजीने सोललेली सुपारी टोपलीत टाकली. "पोथीतल्या सीतेसाठी तू रडतोस तवा मी इचारते का, खरी का कागदाची? आणि तुला वाचता येत न्हाय. पुस्तकाचं नाव काढलं असतं तर उगाच तुला वाईट वाटलं असतं."

गुरवाच्या मनात आता निराळीच काळजी शिरली. "मालक," तो हळूच म्हणाला, "देवीनं उजवा कळा दिलाय. चोर धरला जाणार न्हाय म्हणून. आता पुस्तकात तो धरला गेला तर?"

अंगणात सगळे हात थांबले. ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. देवीने शब्द दिला होता, आणि तो खरा की खोटा हे माझ्या हातातल्या शेवटच्या प्रकरणात छापलेलं होतं. पाटील खाली बसला. गुरव त्याच्याशेजारी बसला. मालकही उठले नाहीत.

"वाच," मालक म्हणाले.

मी ते प्रकरण आधी वाचलेलं नव्हतं. कितीतरी वर्षं पुस्तक जवळ होतं, पण शेवटापाशी आलो की परत पहिल्यापासून सुरू करायचो. संपलं तर पुढे काय, म्हणून. आता सुटका नव्हती.

गडी पुढची पोती आणायला गेले तेव्हा चोर तांदळातून बाहेर आला तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा. मांडवातल्या लोकांना वाटलं, हा आचारी. त्याला जिलब्या तळायला बसवलं. ("येतात का त्याला?" सून. "गप," आजी.) जिलब्या जळल्या. पळताना त्याने फौजदाराच्या खुंटीवरचा किल्ल्यांचा जुडगा उचलला, आणि मनाशी म्हणाला, आयुष्यभर किल्ली नव्हती म्हणून माझं नशीब उघडलं नाही. गावातलं सगळ्यांत जाड दार आणि सगळ्यांत मोठं कुलूप शोधत तो निघाला. सापडलं. जिथे कुलूप मोठं तिथे माल मोठा. त्याने किल्ली फिरवली, दार उघडलं, अंधारात पाऊल ठेवलं. आतून पाच-सहा माणसं त्याचे आभार मानत, त्याच्या पायांना हात लावत, भराभर बाहेर निघून गेली. शेवटच्याने सवयीने दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. सकाळी फौजदार कोठडीपाशी आला तेव्हा आत एकच माणूस होता, आणि तोही नवा.

पुस्तक तिथे संपलं.

कुणी हसलं नाही. सगळे पाटलाकडे बघत होते.

"म्हणजे धरला," गुरव रडवेल्या आवाजात म्हणाला. "माझा कळा खोटा पडला."

"थांब," पाटील म्हणाला. त्याने मिशीवरून हात फिरवला. आपल्या अधिकारातला प्रश्न आला की माणूस किती शांत होतो ते मी तेव्हा पाहिलं. "धरणं म्हणजे काय? मागावर जाणं, हात घालणं, घेऊन येणं. हितं कुणी मागावर गेलं? न्हाय. कुणी हात घातला? न्हाय. हा आपल्या पायानं गेला, आपल्या हातानं कुलूप काढलं. ह्याला धरला म्हणत न्हाय. ह्याला पाहुणा म्हणतात."

"मंग कळा खरा?"

"खरा."

तेव्हा कुठे हसू फुटलं, आणि असं फुटलं की पोफळीवरचा गडी काय झालं म्हणून खाली उतरला. गुरवाने देवळाच्या दिशेने हात जोडले. त्या गोंधळात मी पुस्तक मिटलं. मालक माझ्याकडे बघत होते.

"संपलं?"

"संपलं," मी म्हणालो. घसा खरंच बसला होता.

"काय गं आत्याबाई," सून डोळे पुसत सासूला म्हणाली, "घरात नातू तापानं फणफणला तवा कळे लावाय गेली न्हाईस. चोरासाठी गेलीस!"

"नातवाला आई हाय, बाप हाय," आजी म्हणाली. "ह्याला हितं कोन हाय?"

"चोराला?"

"चोराचं काय घेऊन बसलीस!" आजीने पातं बाजूला सारलं. "चोर धरला की पुस्तक संपलं. पुस्तक संपलं की ह्यो पोरगा चालला. मालक त्या दिवशी बोलले ते काय मी ऐकलं न्हाय? डोळ्यांत फूल हाय, कानात न्हाय."

मी खाली बघितलं. अंगणात सालांचा ढीग होता, त्याच्याकडे बघत राहिलो.

"पण आजी, पुस्तक तर संपलं ना," मालक म्हणाले. आवाज कडक नव्हता. त्यांना खरंच वाट दिसत नव्हती.

"संपू दे. कळा खरा हाय ना? धरला न्हाय, म्हणजे कधीतरी सुटणारच." ती माझ्याकडे वळली. "सुटल्यावर कुठं गेला तो?"

"आजी, पुस्तकात तेवढंच आहे."

"पुस्तकाला नको इचारू. तू रोज त्याच्याबरोबर असतोस. तुला ठाव नसंल तर कुणाला? कुठं गेला सांग."

मी मराठी पाचवी नापाससुद्धा नव्हतो, पाचवीतून उठून गेलेला होतो. झाडावर चढायला सांगितलं असतं तर परवडलं असतं. सगळे थांबले होते. पाटीलही. मी ट्रंकेकडे पाहिलं, कुलपातली किल्ली तशीच होती.

"तो," मी म्हणालो, "तो बोटीत बसला. आणि त्याला बोट लागली."

"लागणारच मेल्याला!" सून म्हणाली, आणि तिने टोपलीतून असोली सुपारी उचलली. एकेक करून सगळ्यांनी उचलली. पात्यांचा आवाज सुरू झाला.

मालक उठले. मग न सोललेल्या ढिगाकडे बघून म्हणाले, "ढीग आहे तोवर राहा," आणि ओटीवर गेले. सुपारीच्या वाडीत ढीग संपत नसतो. एक संपेपर्यंत दुसरा उतरतो. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

मी त्या वाडीत बरीच वर्षं राहिलो. आईलाही बोलावून घेतलं. मामाच्या दारात पुन्हा कधी उभं राहावं लागलं नाही. तोंडाने सांगितलेल्या गोष्टी पुढे कागदावर उतरल्या, मुंबईत छापल्या गेल्या, आणि लोक मला चोरांच्या गोष्टींचा लेखक म्हणू लागले. आजी त्यातलं एकही पुस्तक छापलेलं बघायला राहिली नाही. पण नवं पुस्तक आलं की मी चौलला जाऊन तिच्या वतीने देवळात नारळ ठेवतो. गुरवाचा मुलगा विचारतो, "कशाबद्दल?" मी म्हणतो, "सुटला, त्याबद्दल."

छापखान्याचे मालक भले गृहस्थ आहेत, पण दर खेपेला एकच गाऱ्हाणं घालतात. म्हणतात, "एका तरी पुस्तकात चोर पकडून दाखवा हो. लोकांना न्याय हवा असतो." मी मान डोलावतो. घरी येऊन कागद पुढे घेतो. फौजदार आणतो, शिट्टी वाजवतो, चोराला बोळात गाठतो, आणि फौजदाराने हात पुढे केला की माझाच हात थांबतो. मग चोर आपल्या पायाने कुठेतरी भलतीकडे शिरतो आणि दार आतून लावून घेतो. दुसरा इलाज नाही. चौलच्या देवीने उजवा कळा दिलेला आहे, आणि तो मोडायची माझी छाती नाही.